चाचणीतल्या लसीला उपचार म्हणू नये

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

‘कर्करोगावर लस सापडली’ अशा आशयाचे मथळे गेल्या दोन-तीन वर्षांत मराठी वृत्तपत्रांतून वरचेवर दिसू लागले आहेत. असा मथळा आला की दुपारच्या आत त्या कात्रणाचे छायाचित्र आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर चार ठिकाणांहून येऊन पडते, कारण धायरीला राहणाऱ्या माझ्या धाकट्या जाऊबाईंचा अंडाशयाचा कर्करोग दुसऱ्यांदा उलटला आहे आणि नातलगांपैकी प्रत्येकाला आपण काहीतरी केल्याचे समाधान हवे असते. मागच्या वेळी त्यांनी मला फोन करून एवढेच विचारले, ‘‘वहिनी, ही लस पुण्यात कुठे टोचतात?’’ मी निवृत्त शिक्षिका आहे आणि एका रुग्णालयात रुग्णांवरच्या चाचण्या तपासणाऱ्या नैतिकता समितीवर काही वर्षे सामान्य नागरिकांची प्रतिनिधी म्हणून बसते. तरीही त्या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर मला देता आले नाही. हे पत्र त्या उत्तरासाठी आहे. ते लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

पहिला घोटाळा ‘लस’ या शब्दातच आहे. लस म्हटली की पोलिओचे दोन थेंब, गोवर किंवा अलीकडचा करोना, म्हणजे रोग होऊ नये म्हणून धडधाकट माणसाला द्यायची गोष्ट, असे आपल्या मनात पक्के बसले आहे. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची जानेवारी २०२३ मध्ये आलेली ‘सर्व्हाव्हॅक’ याच जातीची आहे. परंतु ती एचपीव्ही या विषाणूविरुद्ध आहे आणि तिचा संबंध गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी आहे, अंडाशयाच्या नव्हे. आमच्या सोसायटीतल्या चांगल्या शिकलेल्या बायकाही हे दोन आजार एकच समजतात. अंडाशयाच्या कर्करोगामागे असा एखादा विषाणू नाही, त्यामुळे ती वाटच तिथे नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठात ‘ओव्हेरियनव्हॅक्स’ नावाने प्रतिबंधक लसीवर काम चालू आहे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याला सहा लाख पौंडांपर्यंतचा निधी जाहीर झाला, तेव्हा आपल्याकडेही त्याची मोठी बातमी झाली. पण तो निधी प्रयोगशाळेतल्या कामासाठी होता. आमच्या जाऊबाईंना उपयोगी पडली तर पडेल ती तिसऱ्या प्रकारची लस. ती आजार झाल्यानंतर द्यायची असते आणि रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला गाठीतल्या पेशी ओळखायला शिकवणे हे तिचे काम असते. बातमीत या तिन्हींना एकच शब्द वापरला जातो आणि वाचणारा आपल्या गरजेप्रमाणे अर्थ काढतो.

गरज इतकी मोठी का, हे ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना सांगावे लागत नाही. पोट फुगल्यासारखे वाटणे, दोन घासांत पोट भरणे, वारंवार लघवीला जावे लागणे ही लक्षणे कुठल्याही चाळिशी-पन्नाशीच्या बाईला कधी ना कधी असतातच, आणि ती ‘गॅसेस’ म्हणून सोडून दिली जातात. जाऊबाईंनी चार महिने ओव्याचे पाणी घेतले. बहुतेक रुग्णांमध्ये निदान होते तेव्हा आजार पोटभर पसरलेला असतो. लवकर पकडण्यासाठी सरसकट तपासणी करावी, तर ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर वर्षानुवर्षे सीए-१२५ या रक्तातल्या प्रथिनाची तपासणी आणि सोनोग्राफी करून पाहिली गेली, आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आला की त्यामुळे या आजाराने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. भारतात दरवर्षी पंचेचाळीस हजारांच्या आसपास स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि तीस हजारांहून अधिक स्त्रिया त्याने दगावतात, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा २०२० चा अंदाज आहे.

मोठी शस्त्रक्रिया आणि कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधांच्या सहा सायकली झाल्या की बहुतेक जणींचा आजार मागे हटतो, आणि पुढे त्यांतल्या बहुसंख्य जणींचा परत येतो. प्लॅटिनमच्या, म्हणजे कार्बोप्लॅटिनसारख्या औषधाच्या, शेवटच्या डोसानंतर सहा महिन्यांच्या आत आला तर तो प्लॅटिनमला दाद देत नाही असे धरतात; त्याहून उशिरा आला तर तेच औषध पुन्हा देऊन पाहतात. जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेले आहे. त्यावर दुधाचे हिशेब, गॅस सिलिंडरची तारीख आणि त्याच निळ्या पेनाने सीए-१२५ चे आकडे लिहिलेले असतात. तपासणीच्या कागदावर ३५ ही सामान्य मर्यादा छापलेली असते. त्यांचे आकडे मागच्या वर्षी १४, मग १९, मग ४१ असे चढत गेले. ४१ ला त्यांनी गोल केला होता. त्याच्या पुढचा ११८ नुसताच लिहिलेला आहे.

आता लसीकडे येते. प्रतिकारशक्तीचा या आजाराशी संबंध आहे ही कल्पना हवेतली नाही. २००३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी १८६ रुग्णांच्या गाठींचे नमुने तपासले. ज्यांच्या गाठींत टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचे लढणारे सैनिक, शिरलेले आढळले त्यांच्यापैकी ३८ टक्के पाच वर्षांनी हयात होत्या आणि ज्यांच्या गाठींत ते नव्हते त्यांच्यापैकी केवळ साडेचार टक्के. इतका ठसठशीत फरक दिसल्यावर ज्या गाठीत टी-पेशी नाहीत तिथे त्या पाठवाव्यात असे कुणालाही वाटेल. मात्र फुप्फुसाच्या आणि त्वचेच्या काही कर्करोगांत ज्या नव्या औषधांनी चमत्कार वाटावा असे काम केले, ती अंडाशयाच्या कर्करोगात फिकी पडली. पेम्ब्रोलिझुमॅब हे त्यांतले एक. उलटलेल्या आजाराच्या ३७६ रुग्णांना ते एकटे दिले गेले तेव्हा शंभरात आठ जणींच्याच गाठी लक्षणीय आटल्या. ही औषधे सैनिकांचा लगाम सोडतात, पण सैनिक जागेवर नसतील तर लगाम सोडून काय उपयोग? म्हणून आधी लसीने सैनिक तयार करावेत, अशी ही विचारसरणी आहे.

ते तयार करण्याच्या पद्धती अनेक आहेत. त्यांतली एक थोडी जवळून सांगते, कारण ‘टोचणे’ या शब्दामागे काय असते ते त्यावरून कळेल. शरीरात डेन्ड्रिटिक नावाच्या पेशी असतात. गावात परका माणूस शिरला की कोतवालाने दवंडी द्यावी, तसे त्यांचे काम असते. रुग्णाला तीन-चार तास खुर्चीत बसवून एका हातातून रक्त यंत्रात घेतात, त्यातल्या हव्या त्या पांढऱ्या पेशी बाजूला काढतात आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत देतात. प्रयोगशाळेत त्या पेशींपासून डेन्ड्रिटिक पेशी वाढवतात, त्यांना रुग्णाच्याच गाठीचा कुटलेला अर्क ‘दाखवतात’ आणि मग त्या पेशी रुग्णाला परत टोचतात. एकीची लस दुसरीला चालत नाही. या पेशींचा शोध लावणारे राल्फ स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल जाहीर झाले, त्याच्या तीनच दिवस आधी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले होते. आजारपणात त्यांनी स्वतःच्या पेशींपासून केलेल्या लसी स्वतःवर घेतल्या होत्या. त्यांचा उपयोग झाला की नाही, हे एका माणसावरून कुणालाच सांगता येणार नाही, आणि नेमका हाच मुद्दा पुढे येणार आहे.

इथे एक व्यवहाराची गोष्ट आहे जी कुठल्याच बातमीत मी वाचली नाही. अशा लसीसाठी गाठ ताजी किंवा गोठवलेली लागते. आपल्याकडे शस्त्रक्रियेत काढलेली गाठ जवळपास सगळीकडे फॉर्मलिनच्या बरणीत जाते आणि मग तिचे मेणाचे ठोकळे होतात. निदानासाठी ते योग्यच आहे आणि त्या ठोकळ्यांवरून पुढे जनुकीय तपासणीही करता येते. पण फॉर्मलिनमध्ये पेशी मेलेल्या असतात, त्यांच्यापासून ही लस बनत नाही. म्हणजे जाऊबाईंच्या लसीचा कच्चा माल त्यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेच्या दिवशीच संपला, आणि लस नावाचे काही असते हे आम्हाला कळले त्यानंतर तीन वर्षांनी.

प्रयोग किती झाले आणि त्यांचे काय झाले, हे सांगताना उत्साही बातमीदार एक पायरी गाळतात. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या चमूने वर सांगितलेल्या पद्धतीची लस उलटलेल्या आजाराच्या २५ रुग्णांना दिली. एकूण ३९२ डोस दिले गेले, गंभीर दुष्परिणाम झाला नाही, आणि ज्यांच्या टी-पेशी लसीला प्रतिसाद देऊ लागल्या त्या अधिक काळ जगल्या. वाचून आशा वाटते आणि वाटावी. पण लस न दिलेला तुलनेचा गट त्यात नव्हता. ज्यांची प्रकृती मुळात बरी होती त्यांच्याच टी-पेशींनी प्रतिसाद दिला असेल आणि लस नसती तरी त्या तेवढ्याच जगल्या असत्या, ही शंका अशा प्रयोगातून फिटत नाही.

शंका फिटवायला गेले की काय होते, त्याची दोन उदाहरणे मी समितीतल्या नव्या सदस्यांना नेहमी सांगते. अबागोव्होमॅब ही सीए-१२५ ची नक्कल करून प्रतिकारशक्तीला चेतवणारी लस होती. ८८८ स्त्रियांवर तिची चाचणी झाली. रक्तात हवी ती प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) भरपूर तयार झाली, म्हणजे लसीने सांगितलेले काम केले. तरीही आजार परत येणे लांबले नाही आणि आयुष्यही वाढले नाही. दुसरे उदाहरण ओरेगोव्होमॅबचे. ती काटेकोर अर्थाने लस नव्हे, सीए-१२५ ला चिकटून प्रतिकारशक्ती जागी करील अशा अपेक्षेने दिलेले प्रतिपिंड आहे, आणि ते पहिल्या उपचारातच केमोबरोबर दिले गेले. ९७ रुग्णांच्या चाचणीत आजार पुन्हा डोके वर काढेपर्यंतचा मध्यक काळ केमोबरोबर ते दिलेल्या गटात ४१.८ महिने आणि नुसत्या केमोच्या गटात १२.२ महिने आला. २०२० मध्ये हे आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा मीही हरखून गेले होते. पुढे सहाशेहून अधिक स्त्रियांची मोठी चाचणी झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये, पुढे चालवून उपयोग दिसत नाही म्हणून ती थांबवावी लागली. साडेतीन पटींचा फरक मोठ्या संख्येपुढे टिकला नाही. ९७ जणींवर थांबून ते औषध बाजारात आले असते, तर आज किती घरांनी त्यासाठी सोने गहाण टाकले असते याचा विचार करावा.

यावरून लसींचा नाद सोडावा असे मी म्हणत नाही. रुग्णाच्याच गाठीपासून बनवलेल्या ‘व्हिजिल’ या लसीच्या ९१ जणींवरील चाचणीत आजार परत येण्याचा काळ ८.४ वरून ११.५ महिन्यांवर गेला. हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतपतच होता, पण ज्यांच्या गाठीत बीआरसीए या जनुकाचा (त्याच्या बिघाडाने या कर्करोगाचा धोका वाढतो) दोष नव्हता त्या गटात तो अधिक स्पष्ट दिसला. असे उपगट नंतर पाडून पाहिले की काही ना काही हाती लागतेच, हे मान्य करूनही त्याच गटावर नवी चाचणी आखणे रास्त आहे. त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगात एमआरएनए तंत्राची (पेशींना ठरावीक प्रथिन बनवण्याची सूचना देणारी), प्रत्येक रुग्णासाठी वेगळी बनवलेली लस पेम्ब्रोलिझुमॅबबरोबर दिली तेव्हा १५७ रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत आजार परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी घटला. पुण्यात एमआरएनए लस बनवून परवानगी मिळवलेली जिनोव्हा ही कंपनी आहे, लसींचे मोठे कारखाने आहेत, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या, रक्ताच्या कर्करोगावरच्या ‘नेक्सकार-१९’ या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा असे काम महाराष्ट्रात होऊ शकते हेही दिसून आले आहे. उलटलेल्या अंडाशय-कर्करोगावरच्या लसीची चाचणी आपल्याकडे व्हावी, अशी माझी इच्छाच आहे. ती दुसऱ्यांदा केमो होऊन आजार कमीत कमी असताना सुरू व्हावी, कारण पोटात पाणी साठलेले असताना आणि गाठी मोठ्या असताना प्रतिकारशक्ती दबलेली असते. तिच्यात तुलनेचा गट असावा, आणि रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी मोजून समाधान न मानता रुग्ण किती काळ आणि कशी जगली हे मोजावे.

माझे भांडण आहे ते चाचणी आणि उपचार यांच्यामधली रेघ पुसण्याशी. जाऊबाईंच्या मुलाने एका केंद्राला फोन केला. तिथून डेन्ड्रिटिक पेशींच्या लसीचे काही लाखांचे अंदाजपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर आले. त्याने मी सांगितल्याप्रमाणे चाचणीचा नोंदणी क्रमांक मागितला. उत्तर आले, ‘‘ही ट्रायल नाही सर, ट्रीटमेंट आहे.’’ परिणाम सिद्ध झाला का, असे विचारल्यावर मात्र ‘‘जगभर ट्रायल्स चालू आहेत’’ असे सांगण्यात आले. पैसे घेताना उपचार आणि पुरावा मागितला की चाचणी, हा दुटप्पीपणा घाबरलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनासाठी म्हणून होणारा खर्च सहभागी रुग्णाकडून घ्यायचा नसतो. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई देणे बंधनकारक आहे. ‘ट्रीटमेंट’ म्हणून विकत घेतलेल्या लसीला यांतले कुठलेच कवच नाही, आणि पन्नास रुग्णांनी ती विकत घेतली तरी त्यांच्यापासून एकावन्नाव्या रुग्णाला काही शिकायला मिळत नाही, कारण मोजणारे कुणी नसते. स्टाइनमन यांच्या बाबतीत जे झाले तेच, फक्त पैसे मोजून.

खऱ्याखुऱ्या चाचणीतही सारे आलबेल असते असे नाही, हे समितीत बसून मला चांगले ठाऊक आहे. रुग्णाने सही करायच्या माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद तपासणे हे माझे मुख्य काम. एका पत्रकात रुग्णाला सर्वत्र ‘विषय’ म्हटले होते: ‘विषयाने सकाळी उपाशीपोटी यावे.’ दुसऱ्यात लिहिले होते, ‘आपणांस संगणकाद्वारे दोनपैकी एका हातात टाकले जाईल.’ चाचणीतल्या गटाला इंग्रजीत ‘आर्म’ म्हणतात, त्याचा हा हात. हसू येते, पण बार्शीहून एसटीने आलेली बाई त्याखाली अंगठा उठवते. मी तिथे लिहून दिले: ‘चिठ्ठी टाकून ठरवावे तसे संगणक ठरवील. निम्म्या जणींना लस मिळेल, निम्म्या जणींना लसीसारखे दिसणारे पण औषध नसलेले इंजेक्शन मिळेल. तुम्हाला काय मिळाले ते तुम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही. नेहमीची केमो दोघींचीही चालू राहील.’ एका डॉक्टरांनी आक्षेप घेतला की इतके उघड लिहिले तर रुग्ण येणार नाहीत. मला वाटते, जे वाचून रुग्ण येणार नाही ते तिच्यापासून लपवून तिला आणणे याला संमती म्हणता येत नाही. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशात एचपीव्ही लसीच्या प्रकल्पात मुलींच्या संमतिपत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या आढळल्या होत्या आणि संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले होते. लस वाईट नव्हती, तरी त्या सह्यांमुळे तिच्याविषयीचा अविश्वास अनेक वर्षे पुरला.

म्हणून आपणांस विनंती अशी की, लसीची बातमी देताना ती उंदरांवर, पंचवीस रुग्णांवर की सहाशे रुग्णांवर तपासली, तुलनेचा गट होता की नव्हता आणि आयुष्य वाढले की फक्त रक्तातला आकडा, एवढे तरी पहिल्या परिच्छेदात यावे. शेवटच्या परिच्छेदापर्यंत आमचे नातलग पोहोचत नाहीत. भारतातल्या प्रत्येक औषधचाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया’ या सरकारी संकेतस्थळावर करणे जून २००९ पासून सक्तीचे आहे आणि ती कुणालाही फुकट पाहता येते. ते संकेतस्थळ इंग्रजीत असल्याने पुण्यात कर्करोगावरच्या कोणत्या चाचण्यांत रुग्ण घेतले जात आहेत याची मराठी यादी आपण दर महिन्याला छापलीत, तर ते मोठे काम होईल. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांनी अंडाशयाच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाची रीतसर परवानगी घेऊन गाठीचा तुकडा गोठवून ठेवण्याची सोय करावी. मात्र ‘गाठ ठेवली म्हणजे लस मिळणार’ असे सांगून त्याचेही पॅकेज करू नये. ही धास्ती मला आत्तापासूनच वाटते.

जाऊबाईंना मी शेवटी सांगितले ते असे : पुण्यात काय किंवा दिल्लीत काय, ही लस पैसे देऊन टोचून घेऊ नका, नोंदणी क्रमांक असलेली चाचणी उघडली आणि तुमच्या डॉक्टरांना तुम्ही तिच्यात बसता असे वाटले, तर जरूर विचार करा, पत्रक मी आधी वाचून देते. त्यांची पुढची केमो येत्या बुधवारी आहे. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, ‘‘वाचा, वहिनी. पण तो हात तेवढा काढून टाका.’’

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे